प्रवेशाच्या मुलाखतीला काय घालून जावं? ठाणे आणि नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमबीएच्या कॅट या प्रवेश परीक्षेचा निकाल लागल्यापासून थेट जूनमधल्या प्रवेशांपर्यंत आमच्या अभ्यासिकेत कपड्यांची चौकशी सुरू असते. मुलं शेवटच्या आठवड्यात विचारतात, पालक त्याच्याही आधी, आणि दोघांच्या काळजीत ऐकीव माहितीच जास्त असते. म्हणून नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं म्हणणं थोडक्यात एवढंच: खुर्चीत बसल्यावर कपड्यांचा विचार एकदाही मनात येऊ नये, असे कपडे घाला.

मुळात मला मुलाखत आहे का, हेच नीट कळत नाही.

हा प्रश्न विचारायला लाजू नका, निम्म्या घरांत हाच गोंधळ असतो. अकरावीचा प्रवेश, एमएचटी-सीईटीनंतरचं इंजिनिअरिंग, नीटनंतरचं मेडिकल, एमबीए सीईटीच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेऱ्या, हे सगळं गुणांवर आणि पसंतीक्रमावर चालतं. तिथे मुलाखत नसते. कागदपत्रांच्या तपासणीला बोलावलं, तर ती तपासणीच असते. स्वच्छ रोजचे कपडे घाला आणि लक्ष फाईलकडे द्या. जूनच्या उकाड्यात रांगेत कोट घालून उभी राहिलेली मुलं पाहिली की वाईट वाटतं. कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

मुलाखत असते ती आयआयएम, एसपी जैन, एनएमआयएमएस अशा संस्थांच्या एमबीएला. बारावीनंतर इंदूर किंवा रोहतक आयआयएमच्या पाच वर्षांच्या आयपीएम अभ्यासक्रमाला. निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या संस्थेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना. काही खासगी विद्यापीठांना. आणि परदेशातल्या बऱ्याच कॉलेजांना. पुढची उत्तरं या मुलांसाठी आहेत.

पत्रात ड्रेस कोड लिहिलेला असतो का?

कधी असतो, कधी नसतो. म्हणून कॉल लेटर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. ‘बिझनेस फॉर्मल’ असं असेल तर मुलांनी ब्लेझर आणि टाय, मुलींनी ब्लेझर किंवा साडी, असं समजा. नुसतं ‘फॉर्मल’ असेल तर इस्त्रीचा शर्ट-पॅन्ट किंवा साधा कुर्ता चालतो. काहीच लिहिलं नसेल तरी फॉर्मलच घाला. ‘स्मार्ट कॅज्युअल’ लिहिलं असेल तर जीन्स घालायची परवानगी मिळाली असं बरेच जण समजतात. आमचा सल्ला असा की जीन्स घरीच ठेवा. कॉलरचा शर्ट आणि सुती ट्राउझर घाला, म्हणजे कुणाच्याच डोळ्यांत खुपणार नाही.

मुलांनी नक्की काय घालावं?

फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. पांढरा किंवा आकाशी सगळ्यात सोपा, बारीक रेघांचाही चालतो. खाली गडद पॅन्ट: नेव्ही ब्लू, करडी किंवा काळी. काळे बूट, काळा पट्टा, गडद मोजे. एवढंच.

खरं महत्त्व फिटिंगला आहे, आणि नेमकं त्याकडेच घरात कुणी पाहत नाही. आरशासमोर उभं राहून तपासा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यायला हवी, दंडावर उतरलेली नको. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. मग खुर्चीत बसून बघा. बसल्यावर पोटावरच्या दोन बटणांमध्ये फट पडते का? पडत असेल तर तो शर्ट कितीही महाग असला तरी बाद. मुलाखत बसून होते आणि आरशात आपण उभे असतो, त्यामुळे ही चूक हमखास निसटते.

शर्ट इन केल्यावर दोन्ही हात वर करा. शर्ट बाहेर आला तर तो आखूड आहे. पॅन्टची बॉटम बुटावर एकदाच मोडावी, चार घड्या पडून जमिनीला लागू नये. नौपाड्यात, वाशीत, कोपरखैरण्यात, कुठेही ऑल्टर करणारे कारागीर गल्लीगल्लीत बसलेले असतात. पॅन्टची उंची कमी करणं, शर्टाच्या बाजू आत घेणं हे त्यांचं रोजचं काम. नव्या शर्टावर खर्च करण्याआधी जुना शर्ट त्यांच्याकडे न्या.

पांढऱ्या शर्टाखाली बनियन घाला, आणि शक्यतो अंगाच्या रंगाशी जुळणारं. पांढऱ्याखाली पांढरं बनियन जास्त उठून दिसतं हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटतं, पण घरी करून बघा.

ब्लेझर हवाच का?

पत्रात मागितला असेल तर हवा. नसेल तर आमच्या मते नको. मुलाखती बहुतेक फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असतात आणि मार्च उजाडला की ठाण्यात सकाळी नऊलाच घामाच्या धारा लागतात. खोलीत एसी असतो हे खरं, पण तिथवर पोचायचं असतं.

घ्यायचाच असेल तर आधी मागून बघा. चुलतभाऊ, मामा, वरच्या मजल्यावरचा इंजिनिअर दादा, कुणाकडे तरी लग्नात एकदा घातलेला ब्लेझर पडून असतोच. एकच गोष्ट पाहा: खांदे. ब्लेझरची कंबर आत घेता येते, बाहीची लांबी कमी करता येते, पण खांदे दुरुस्त करणं म्हणजे जवळजवळ तो पुन्हा शिवणं. खांदे बसले तर ब्लेझर तुमचा, नाही बसले तर आभार मानून परत करा. आणि लग्नात चालणारा चमकदार कापडाचा ब्लेझर मुलाखतीला नको, साधा मॅट कापडाचा हवा.

मुलींनी कुर्ता घालावा की शर्ट-ट्राउझर?

ज्यात तुम्ही रोज वावरता ते. याला आम्ही टाळाटाळीचं उत्तर मानत नाही. कॉलेजची तीन वर्षं सलवार-कुर्त्यात काढलेल्या मुलीला मुलाखतीच्या दिवशी पहिल्यांदा पेन्सिल स्कर्ट आणि हील घालायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. ती सगळा वेळ स्कर्ट खाली ओढत बसणार. पाश्चात्य कपडे घातले तर जास्त गुण मिळतात अशी समजूत अजून आहे. आयआयएमच्या जाहीर निवड-निकषांत प्रवेश परीक्षा, मुलाखत, आधीचे गुण, कामाचा अनुभव यांना वजन असतं, पेहरावाला वेगळं वजन नसतं. पॅनेलच्या मनावर पहिली छाप पडते हे खरं. पण ती छाप नीटनेटकेपणाची असते, कुर्ता की शर्ट याची नसते.

कुर्ता घालणार असाल तर सुती किंवा सुती-मिश्र कापडाचा, एका रंगाचा किंवा बारीक नक्षीचा, कोपरापर्यंत किंवा पाऊण बाह्यांचा घ्या. खाली सरळ पॅन्ट किंवा चुडीदार. ओढणी घेत असाल तर दोन्ही खांद्यांवर पिन लावा, नाहीतर हात हलवून बोलताना ती घसरते आणि वाक्य अर्धवट राहतं. निव्वळ लिनन टाळा. दिसायला देखणं, पण ठाण्याहून कांजूरमार्गला उतरेपर्यंत चुरगळून जातं.

शर्ट-ट्राउझर घालणार असाल तर शर्टाचं कापड खिडकीसमोर धरून पाहा. दुकानातल्या दिव्यांत कापडाचा पारदर्शकपणा कळत नाही.

पायात बंद बूट किंवा सपाट बेली. हीलची सवय नसेल तर तो दिवस सवय करायचा नव्हे. रेल्वेच्या पुलावर, जिन्यात, पेव्हर ब्लॉकच्या फटींत टाच अडकली की पाय मुरगळलाच म्हणून समजा.

साडी नेसू का? आई म्हणते छान दिसेल, मैत्रिणी म्हणतात जुनाट वाटेल.

जुनाट मुळीच वाटत नाही. पण साडीत तुम्ही लोकलमध्ये चढू शकता का, जिना उतरू शकता का, निऱ्यांकडे न बघता पंधरा मिनिटं बसू शकता का? तिन्हीला ‘हो’ असेल तर नक्की नेसा. सुती किंवा माहेश्वरी, बारीक काठाची, पदर पिनने नीट चापून बसवलेला. घरात दोन-तीनदा नेसून काम करा, म्हणजे कळेल. पैठणी मात्र लग्नासाठी राहू द्या.

निफ्टची मुलाखत आहे. तिथेही फॉर्मलच?

इथे उत्तर वेगळं आहे, आणि आमच्याकडे हा प्रश्न जास्त येतो, कारण निफ्टचं मुंबई केंद्र खारघरलाच आहे. डिझाइनच्या मुलाखतीत तुमच्या अंगावरचं कापड हा बोलण्याचा विषय होऊ शकतो. बँकेच्या परीक्षेला निघाल्यासारखं जायची गरज नाही, पण फॅशन शोमध्ये चालायला निघाल्यासारखंही नको. एकच गोष्ट अशी घाला जी तुम्ही विचारपूर्वक निवडली आहे किंवा स्वतः केली आहे, बाकी सगळं शांत ठेवा.

समजा, तुम्ही खणाचं जाकीट घातलंत. गोखले रोडवरच्या दुकानांत हल्ली खणाच्या बॅगांपासून कुर्त्यांपर्यंत सगळं मिळतं, त्यामुळे ही निवड अनेक मुली करतात. मग खणाबद्दल दोन गोष्टी माहीत असू द्या. महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चोळीसाठी वापरलं गेलेलं हे कापड मुख्यतः कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला विणलं जातं. त्याचा पन्हा अरुंद असतो, म्हणून जाकीट बेतताना कापड कसं जोडलं, काठ कुठे आणला, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. इतकं सांगता आलं तर ते जाकीट तुमच्या पोर्टफोलिओचंच एक पान झालं. ‘मावशीने दिलं’ एवढंच उत्तर असेल तर त्यापेक्षा साधा कुर्ता बरा.

स्वतः रंगवलेली ओढणी, हाताने टाके घातलेला शर्ट, जुन्या साडीतून शिवलेला टॉप, हे सगळं चालेल. शिवण आतूनही स्वच्छ असू द्या. डिझाइन शिकवणारी माणसं कपडा उलटा करून बघतात, ती त्यांची सवय असते. जीन्ससुद्धा इथे चालते, फाटकी नको.

घरून निघताना कडक इस्त्री असते, पोचेपर्यंत सगळं चुरगळतं. काय करावं?

हा आपल्या भागाचा खरा प्रश्न आहे, आणि कपड्यांच्या कुठल्याही पुस्तकात याचं उत्तर मिळणार नाही.

पहिलं म्हणजे वेळ. सकाळी साडेआठच्या फास्टला ठाण्याहून दादरकडे इस्त्रीचा शर्ट घालून चढू नका. तासभर आधी निघा आणि ठाण्याहूनच सुटणारी लोकल धरा, म्हणजे बसायला मिळण्याची शक्यता वाढते. मेन लाईनवर एसी लोकलची वेळ जुळत असेल तर त्या एका दिवसाचं तिकीट जरूर काढा. पवईला आयआयएम मुंबईत जायचं असेल तर ठाणेकरांनी कांजूरमार्गला उतरून रिक्षा करावी. ऐरोली-घणसोलीच्या मुलांना ऐरोलीचा पूल ओलांडून रस्त्याने जाणं सोयीचं. अंधेरी-पार्ल्याच्या बाजूला जाताना घाटकोपरला उतरून मेट्रो घ्या. डबा थंड असतो, घाम तिथेच वाळतो. खारघरला ठाण्याहून सरळ पनवेल लोकल आहे. घोडबंदर रोडवरून येणाऱ्यांनी बाइकवर येऊ नये. धूळ कॉलरवर बसते आणि हेल्मेटमुळे केस चपटे होतात.

दुसरं म्हणजे शर्ट. गर्दीतून जाणं टळत नसेल तर अंगात टी-शर्ट घाला. इस्त्रीचा शर्ट पुठ्ठ्यावर घडी करून, बटणं लावून, बॅगेत फायलीला लागून सपाट ठेवा. तिथे पोचल्यावर स्वच्छतागृहात बदला. त्यासाठी मुलाखतीच्या वेळेआधी पाऊण तास हातात असायला हवा. निव्वळ सुतीपेक्षा थोडं पॉलिस्टर मिसळलेलं कापड कमी चुरगळतं. पण निव्वळ पॉलिस्टर नको, त्यात घाम जिरत नाही आणि वास येतो. बॅकपॅक खांद्यावर लावलीत की खांद्यांवर आणि पाठीवर चुण्या पडतात. त्या दिवशी ती हातात धरा.

तिसरं, खाणं. कपडे बदलण्याआधी खाऊन घ्या. वडापावची लाल चटणी पांढऱ्या शर्टावरून पाण्याने जात नाही.

जूनमध्ये मुलाखत आहे. पावसाचं काय?

बूट पिशवीत, पायात रबरी चप्पल किंवा सँडल, मोज्यांचा एक जादा जोड आणि छोटा नॅपकिन. पॅन्ट गडद रंगाची, म्हणजे शिंतोडे दिसत नाहीत. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण छत्रीत बाह्या आणि फाईल दोन्ही भिजतात. साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडा, पोचल्यावर उलगडा. खुशाल करा, आपल्याकडे याला कुणी हसत नाही.

ऑफिसमधून थेट जायचं आहे.

ऐरोली आणि महापेच्या आयटी पार्कमध्ये काम करता करता एमबीएची तयारी करणारे अनेक जण आहेत. ऑफिसचे फॉर्मल कपडे चालतील. गळ्यातलं आयडी कार्ड काढून ठेवा, कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट नको. शक्य असेल तर अर्धा दिवस रजा टाका आणि तोंड धुऊन, शर्ट बदलून जा. दिवसभर अंगात असलेला शर्ट दमलेला दिसतो आणि माणूसही.

ऑनलाइन मुलाखतीत खाली काहीही चालतं ना?

नाही. उठून एखादा कागद आणायला सांगितलं तर काय कराल? पूर्ण कपडे घाला. पांढऱ्या भिंतीसमोर पांढरा शर्ट नको, चेहरा फिका पडतो; आकाशी किंवा गडद घ्या. अगदी बारीक रेघा आणि चौकडी कॅमेऱ्यात थरथरल्यासारखी दिसतात. मागे कृत्रिम पार्श्वभूमी लावणार असाल तर हिरवा रंग टाळा. चष्मा असेल तर दिवा समोर न ठेवता थोडा बाजूला आणि वर ठेवा. आवाजासाठी पंखा बंद करावा लागला तर दहा मिनिटांत घाम येतो, म्हणून सुतीच बरं. आदल्या दिवशी त्याच वेळेला, त्याच कपड्यांत मित्राला व्हिडिओ कॉल करून बघा.

परदेशातल्या कॉलेजची मुलाखत आहे. सूट घालू का?

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत बारावीच्या मुलांची मुलाखत माजी विद्यार्थी घेतात, ऑनलाइन किंवा एखाद्या कॅफेत. त्यात गप्पांचा सूर असतो, आणि तिथे सूट घातलेला सतरा वर्षांचा मुलगा उगाच अवघडलेला दिसतो. कॉलरचा शर्ट किंवा साधा कुर्ता पुरे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मुलाखती बहुतेक डिसेंबरमध्ये असतात. तिथले प्राध्यापक तुम्ही विचार कसा करता ते पाहतात, पेहरावाची अट घालत नाहीत. वेळेतल्या फरकामुळे मुलाखत संध्याकाळी किंवा रात्री येऊ शकते. तेव्हा दिवसभराचे घरचे कपडे बदलून, तोंड धुऊन बसा.

टिकली, गंध, मंगळसूत्र, गंडा, हिजाब, पगडी, हे सगळं काढून जायचं का?

जे तुमच्या रोजच्या आयुष्यातलं आहे ते तसंच राहू द्या. यावर आमचं मत ठाम आहे. हिजाब किंवा पगडी स्वच्छ, नीट बांधलेली आणि कपड्यांशी जुळेल अशा रंगाची असली की झालं. वाजणाऱ्या बांगड्या आणि पैंजण मात्र काढून ठेवा. टेबलावर हात ठेवला की आवाज होतो आणि तुमचंच लक्ष जातं.

दाढी, केस, टॅटू?

दाढी ठेवा किंवा काढा, अर्धवट वाढलेली नको. केस मुलाखतीच्या चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. केसांना त्या दिवशी तेल नको. टॅटू झाकता आला तर झाका, नाही आला तरी काळजी करू नका. अत्तर अगदी थोडं. खोली लहान आणि बंद असते.

नवीन कपडे घेण्याइतके पैसे घरात नाहीत.

मग घेऊ नका. हे आम्ही मनापासून सांगतो आहोत. फॉर्म, परीक्षा, प्रवास यांवर आधीच खर्च झालेला असतो. घरात एक फिका शर्ट आणि एक गडद पॅन्ट असते, बहुधा शाळेच्या किंवा कॉलेजच्या गणवेशातली. गणवेशाची करडी किंवा नेव्ही पॅन्ट उत्तम फॉर्मल पॅन्ट असते, तिच्यावर शाळेचं चिन्ह नसलं म्हणजे झालं. पिवळटलेला पांढरा शर्ट रात्रभर सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवून उन्हात वाळवा, मग नीळ द्या. सुटलेलं बटण त्याच रंगाच्या दोऱ्याने लावा. शाळेचे काळे बूट पॉलिश करून न्या. झिजलेल्या टाचेला चांभार नवं रबर लावून देतो.

बूट नसतीलच तर कुणाकडून तरी एका दिवसासाठी मागा. मापाचेच मागा, घट्ट बूट घालून चालताना ते चेहऱ्यावर दिसतं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांमध्ये शर्ट, पट्टे, बूट एकमेकांना देण्याची पद्धत आहे. ज्याची मुलाखत झाली तो धुऊन, इस्त्री करून पुढच्याला देतो. तुमच्या अभ्यासिकेत किंवा सोसायटीत अशी पद्धत नसेल तर सुरू करा.

विकत घ्यायचंच असेल तर एकच चांगला शर्ट घ्या. राम मारुती रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत आणि वाशीच्या सेक्टर १७ पर्यंत सगळ्या किमतींचे मिळतात. पॅन्ट आणि बूट जुनेच चालतील.

आई-बाबांनी सोबत यावं का? त्यांनी काय घालावं?

गेटपर्यंत जरूर या, आत नको. तुमच्या कपड्यांकडे कुणी पाहणार नाही. आणि दारात उभं राहून मुलाची कॉलर शेवटची एकदा नीट करू नका. घरी करून घ्या.

आदल्या रात्री काय काय काढून ठेवावं?

सगळे कपडे एकदा घालून, चालून, बसून बघितलेले असावेत. इस्त्रीवाल्याकडचे कपडे दोन दिवस आधीच घरी आणा, त्याची सुट्टी नेमकी त्याच दिवशी निघते. नव्या कपड्याचं लेबल, कॉलरखालचं पुठ्ठ्याचं आणि प्लॅस्टिकचं आवरण, ब्लेझरच्या फटीवरचा फुलीचा टाका हे सगळं काढून टाका. नवे बूट असतील तर आठवडाभर घरात वापरून घ्या.

बॅगेत दोन सेफ्टी पिना, सुईदोरा, कंगवा, रुमाल दोन, ओले टिश्यू, पायाला बूट लागले तर चिकटपट्टी. फाईल, फोटो, ओळखपत्र वेगळ्या कप्प्यात. पेन शर्टाच्या खिशात ठेवू नका, शाई गळली तर बदलायला दुसरा शर्ट नसतो.